करदोड्यातला मणी

माझा मुलगा दीड वर्षाचा असताना चार शब्द बोलायचा. आई, आजा, पानी आणि मासोरी, म्हणजे मासळी. दोन वर्षांचा झाला तेव्हा त्यातला एकही त्याच्या तोंडात उरला नव्हता. ज्याला सांगावं तो म्हणायचा, "होते होते, पोट्टे उशिराच बोलतेत." अरे, उशिरा बोलणं वेगळं आणि बोलून झाल्यावर गप्प होणं वेगळं! लेकरू नवे शब्द शिकायचं सोडून असलेले विसरतं, असं मी तरी कुठं ऐकलं नव्हतं. पण आमच्या मोहल्ल्यात मी काळजी केली की तिला "अभ्यासाची हुशारी" म्हणायची रीत होती, कारण मी बारावी शिकून आले होते.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास माझं लग्न झालं. माहेर आमगावकडचं. आमच्या घरी जाळं खुंटीलाही नव्हतं, कारण वडील तरुणपणीच रेल्वेच्या रुळांच्या कामावर लागले होते. सासर मात्र पक्कं ढिवरांचं. घराच्या मागच्या दारातून निघालं की बांध, बांधाच्या पलीकडे तलाव. सकाळी उठल्याबरोबर नाकात मासळीचा वास आणि कानात पाण्यावर आपटणाऱ्या जाळ्याचा आवाज. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. घरात तीन माणसं: मामाजी म्हणजे माझे सासरे, माझा नवरा आणि मी.

मामाजींचा हात जाळ्यावर असा बसलेला होता की लांबलांबच्या गावांहून लोक त्यांच्याकडे जाळी विणून घ्यायला यायचे. गोल फेकायचं जाळं. फेकलं की पाण्यावर परातीसारखं पसरलं पाहिजे आणि पसरलं की चटकन तळाला गेलं पाहिजे, नाहीतर मासे खालून निसटतात. ते तळाला नेतं काठावरचं शिसं. मामाजी अंगणातल्या चुलीवर लोखंडी कढईत शिसं वितळवायचे, ओल्या मातीत बोटानं काढलेल्या चरीत ओतायचे, थंड झालं की त्या पट्टीचे तुकडे कापायचे. मग एकेक तुकडा जाळ्याच्या काठाच्या दोरीवर दुमडून दातांनी दाबायचा. हातोडीनं दोरी तुटते म्हणायचे, दाताला अंदाज असतो. शिसं चांगलं की भेसळीचं, तेही ते दातानंच ओळखायचे.

"गोड लागते," असं मला एकदा म्हणाले होते. मी हसले होते.

आधी ते शिसं बाजारातून आणायचे. माझा नवरा गोंदियाला ट्रकच्या गॅरेजमध्ये लागला आणि शिशाची ददातच मिटली. निकामी बॅटऱ्या तो घरी आणायचा. बाप-लेक मिळून त्या फोडायचे, आतलं पाणी भिंतीच्या कडेला ओतायचे, आतल्या पट्ट्या कढईत. पिवळट धूर निघायचा, घसा खवखवायचा, मी पदर नाकाला लावून भाकरी करायची. चूल एकच होती. तिच्यावर शिसं, तिच्यावरच आंघोळीचं पाणी. तिची राख मी भांडी घासायला घ्यायची आणि घरातली सगळी माणसं त्याच राखेनं दात घासायची. आमची भांडी आरशासारखी चकचकीत होती. शेजारणी माझ्याकडून राख मागून न्यायच्या.

आता खरी गोष्ट मण्याची. तलावाच्या काठचं घर म्हटलं की लेकराचा जीव पाण्याला टांगलेला. मामाजींच्या घरात बापजाद्यांपासून एक रीत होती. लेकरू बसायला लागलं की घरातल्या मोठ्या माणसानं शिशाचा एक गोल मणी ओतायचा, काळ्या दोऱ्यात घालायचा आणि लेकराच्या कमरेला बांधायचा. बांधताना तलावाकडे तोंड करून म्हणायचं, "पान्या, हा माहा हाये. याले नोको नेऊ." पाण्याला त्याच्या वाट्याचं शिसं आधीच दाखवलं की ते लेकरू मागत नाही, असा त्यांचा हिशोब. आणि लेकरू स्वतः पोहत बांधापासून मधल्या खडकापर्यंत जाऊन येत नाही तोवर तो करदोडा सोडायचा नाही. मध्ये दोरा झिजला तर नवा दोरा घालायचा, पण मणी तोच.

माझ्या मुलाला मामाजींनी मणी बांधला तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, काय सांगू! बुडण्याची भीती मलाही होतीच. शिकले असले तरी आई होते. पोरगं बसल्या बसल्या कमरेचा मणी हातात धरायचं, खेळायचं, दोरा वर ओढून तोंडात घालायचं. दात येत होते. मामाजी कौतुकानं म्हणायचे, "आज्यावर गेला. आतापासून सिसा चावून पायते."

त्यानंतर वर्ष-दीड वर्षात ते पोरगं माझ्या डोळ्यांदेखत विझत गेलं. पोट धरून रडायचं. संडास चार-चार दिवस व्हायची नाही. जेवण नको, पण भिंतीच्या कडेची माती उकरून खायचं. अंगात रक्त नाही, ओठ पांढरे. नजर उतरवली. गावातल्या डॉक्टरानं जंताचं औषध दिलं, मग परत जंताचं औषध दिलं. नागऱ्याला महादेवाच्या देवळात जाऊन मी नवस बोलले की लेकरू बोललं तर सोमवार धरीन. ते काही केल्या बोलेना. आधी मला पाहिलं की "आई" म्हणून हात पसरायचं, ते नुसतं बघायला लागलं. तेही धड माझ्याकडे नाही.

एक दिवस त्याला उलट्या लागल्या त्या थांबेनात. नवरा गॅरेजवर होता. मी आणि मामाजींनी त्याला बसमध्ये घालून गोंदियाला लहान मुलांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर मध्यम वयाचे, बोलायचे हिंदीत, अधूनमधून मराठी. त्यांनी पोट दाबलं, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि पोटाचा एक्स-रे काढून आणायला सांगितलं.

एक्स-रेवाल्या मुलीनं पोराला टेबलावर झोपवलं आणि म्हणाली, "कमर का धागा निकालो. मेटल है."

"नाई सुटत," मामाजी म्हणाले.

"अरे बाबाजी, फोटो बिगडेगा."

"बिगडला त बिगडला. पोहल्याबिगर सुटत नाई जी तो. रीत हाये आमची."

ती माझ्याकडे बघायला लागली. सून तरी काहीतरी बोलेल असं तिला वाटलं असेल. मी म्हणाले, "राहू दे ताई, वरती सरकवा." खरंच सांगते, त्या क्षणी लेकरू उलटीनं बेजार झालेलं असतानाही मला पाण्याचीच भीती वाटत होती. तिनं तोंड वाकडं करून दोरा वर सरकवला आणि फोटो काढला.

डॉक्टरांनी ती काळी फिल्म उजेडाच्या डब्यावर लावली. मी आणि मामाजी मागे उभे. फासळ्या दिसत होत्या, पाठीचा कणा दिसत होता. वरच्या बाजूला एक पांढराशुभ्र वाटोळा ठिपका होता. तो मणी. हाडंसुद्धा त्याच्यापुढे मळकी दिसत होती. आणि खाली, पोटात, आतड्यांच्या वळणावळणानं, बारीक बारीक पांढरे कण पसरले होते. कणी सांडावी तसे.

"इसने कुछ निगला है क्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"माती खातो," मी म्हणाले.

"मिट्टी ऐसी नहीं दिखती." ते फिल्मच्या जवळ गेले. बोट आधी त्या मण्यावर ठेवलं, मग पोटातल्या कणांवर. परत मण्यावर. जेवढा मणी पांढरा, तेवढेच ते कण पांढरे. ते वळले आणि त्यांनी माझ्या मांडीवरच्या पोराचा सदरा वर केला. मणी चिमटीत धरून उजेडाकडे फिरवला.

त्या मण्यावर दातांच्या खुणा होत्या. बारीक, एकाला लागून एक, नुकत्या आलेल्या दातांच्या. एका बाजूनं तो चांगला झिजून चपटा झाला होता. मी रोज त्या पोराला आंघोळ घालत होते, रोज तो मणी साबणानं धुवत होते. घासून घासून झिजला असेल, एवढाच विचार माझ्या मनात आला होता.

"ये किस चीज का है?"

"सिशाचा जी," मामाजी म्हणाले, आणि आवाजात अभिमान होता. "मीच बनवतो. घरीच."

डॉक्टरांचा हात तिथंच थांबला. "घरी? शिसं घरी वितळवता?"

"जाळ्याले लागते न. बॅटरीतून काढतो."

डॉक्टर मामाजींकडे वळले. त्यांनी टेबलाच्या खणातून बॅटरी काढली, म्हणजे उजेडाची, आणि मामाजींना म्हणाले, "बाबाजी, तोंड उघडा." मामाजींना वाटलं, डॉक्टर वेडा झाला, लेकराच्या ऐवजी म्हाताऱ्याचं तोंड बघतो. पण उघडलं. डॉक्टरांनी मला जवळ बोलावून दाखवलं. हिरड्यांच्या काठाला, दातांच्या बुंध्याशी, शाईच्या पेननं ओढावी तशी निळसर काळी रेघ होती. मग ते म्हणाले, "हात पुढे करा. पंजे वर उचला."

मामाजींनी हात पुढे केले. मनगटातून पंजे खाली लोंबले. उचलायला गेले, पण ते उचलेनात. दोन पावसाळ्यांपासून त्यांनी जाळं फेकणं सोडलं होतं. वय झालं, असं आम्ही सगळे म्हणत होतो. पोटात मुरडा येऊन ते आडवे पडायचे तेव्हाही वयच झालेलं असायचं.

"हे वय नाही," डॉक्टर म्हणाले. "हे शिसं आहे. तुमच्या अंगातही तेच, लेकराच्या अंगातही तेच. बेटी, तू पण तोंड उघड."

मी तोंड उघडलं. माझ्या तोंडात काय दिसलं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, पण त्यांनी कात्री मागवली.

मामाजींनी करदोडा धरून ठेवला. तो लोंबता पंजा त्या दोऱ्यावर ठेवून म्हणाले, "मले थोडा टाइम द्या जी." मी त्यांचा हात झटकला. सासऱ्याचा हात सुनेनं झटकायचा नसतो, पण झटकला आणि दोरा मीच कापला. मणी टेबलावर पडला तेव्हा ठक्क असा आवाज झाला, एवढ्याशा वस्तूचा.

पुढचं नागपूरला. मोठ्या दवाखान्यात लेकराचं रक्त काढून बाहेर तपासायला पाठवलं, माझंही, मामाजींचंही, नवऱ्याचंही. तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती, पण समजावून सांगायची. म्हणाली, शरीर शिशाला फसतं. ते त्याला दुधातल्या चुन्यासारखं वाटतं, म्हणून टाकून द्यायच्या ऐवजी हाडात साठवून ठेवतं. मोठ्या माणसाचं पोट दुखतं, हात जातात, रक्त कमी होतं. लहान लेकराचं डोकं तयार होत असतं, तिथंच ते घुसतं.

"माझा मुलगा बोलत होता," मी म्हणाले. "परत बोलेल का?"

"औषधानं रक्तातलं शिसं कमी होईल," ती म्हणाली. मी हे विचारलंच नव्हतं. मी परत विचारलं. मग ती म्हणाली, "काही येईल परत. सगळं येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही." आणि लगेच म्हणाली, "पण त्याच अंगणात परत नेलंत तर काहीच नाही येणार."

मी तिला सासूबाईंबद्दलही विचारलं. त्यांची लेकरं पोटातच जायची, फक्त माझा नवरा जगला, असं मोहल्ल्यातल्या बाया सांगायच्या. सासूबाईसुद्धा पोटदुखीनंच गेल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाली, आता ते कोणालाच सांगता येणार नाही. माझ्या नवऱ्यानं ते ऐकलं. तो बाकावर बसला होता, तसाच बसून राहिला. मला त्याची दया आली नाही. तुम्ही म्हणाल काय बाई आहे, पण नाही आली. बापानं कढई चढवली आणि लेकानं बॅटऱ्या पुरवल्या, मध्ये माझं लेकरू. मला दोघांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. त्यांनी जाणूनबुजून काही केलं नव्हतं हे मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणून जास्तच राग येत होता. जाणूनबुजून करणाऱ्याला निदान शिव्या देता येतात.

औषधाचा पहिला फेरा झाल्यावर पोराला घेऊन मी माहेरी जायचं ठरवलं. कपडे घ्यायला तेवढी सासरी आले. नवऱ्यानं आल्या आल्या कढई दगडानं फोडली, पण फोडून काय होतं? अंगण तेच, चूल तीच. लेकराला मी खाली ठेवलंच नाही, कडेवर धरून एका हातानं पिशवी भरली. घरातलं पाणीसुद्धा त्याला द्यावंसं वाटेना, म्हणून प्रवासातली पाण्याची बाटली घेऊन भर उन्हात मागच्या दारातून बांधावर गेले.

दुपारची वेळ. घाटावर मोहल्ल्यातली पोरं आंघोळ करत होती. लहान लहान, नागडी, एकमेकांवर पाणी उडवत होती. मी नुसती बघत उभी होते. आणि मग मला दिसलं. एकाच्या कमरेला काळा दोरा, त्यात मणी. दुसऱ्याच्या कमरेला काळा दोरा, त्यात मणी. पाण्यातून जे पोरगं वर येईल त्याच्या कमरेला मणी. एक मुलगी पायरीवर बसली होती, माझ्या मुलाएवढीच, पाय पाण्यात सोडून. तिनं दोरा वर ओढला होता आणि मणी तोंडात होता.

रीत मामाजींच्या घरची होती, पण मणी त्यांनी कोणाला नाकारला असेल तर शपथ! लेकरू झालं की बाया त्यांच्याकडे यायच्या, "मामा, तुमच्या हातचा द्या," म्हणायच्या, आणि ते फुकट ओतून द्यायचे. गुण होता म्हणे त्यांच्या हाताला. त्यांचा मणी घातलेलं लेकरू आजवर बुडालं नव्हतं.

मागे पाऊल वाजलं. मामाजी आले होते. मी नुसता हात घाटाकडे केला.

ते बघत राहिले. मग मटकन बांधावर बसले. "सारे माहेच," म्हणाले. "सारे माह्याच हातचे." त्यांचा चेहरा असा झाला होता की माझा इतक्या दिवसांचा राग त्या चेहऱ्यापुढे टिकेना. दवाखान्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना पाणी दिलं, लेकराच्या बाटलीतलं.

त्याच दुपारी ते उठले आणि मोहल्ल्यात घरोघर गेले. मी लेकराला घेऊन मागे मागे गेले, कारण त्यांना एकटं सोडवेना. दारात उभं राहून म्हणायचे, "मणी सोडा पोट्ट्याचा. जहर हाये त्याच्यात." माणसाला आपल्या हातच्या आशीर्वादाला जहर म्हणावं लागतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. काहींनी ऐकलं. काही हसले. काहींनी विचारलं की सुनेनं पढवलं का. कोपऱ्यावरच्या घरची म्हातारी तर अंगावरच आली. तिचा एक मुलगा लहानपणी तलावात गेला होता, आता नातू अंगणात खेळत होता.

"तूच बांधला न? मंग आता कायले सोडून रायला?" ती ओरडली. "पोट्टा बुडला त तू भरून देशील काय?"

"काकी, मले मालूम नोहोतं."

"तुह्या बापाले मालूम नोहोतं? त्याच्या बापाले नोहोतं? काल डॉक्टर भेटला अन् आज रीत खोटी झाली?"

मामाजींनी वाद घातला नाही. ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "दे त्याले." माझ्या कडेवरचं पोरगं त्यांनी दोन्ही कोपरांच्या बेचक्यात घेतलं, पंजे लोंबतच होते. ते म्हातारीच्या समोर नेऊन धरलं.

"याले हाक मार," म्हणाले.

म्हातारीनं त्याला आधी बडबडताना पाहिलं होतं. तिच्याच दारात ते "मासोरी, मासोरी" करत धावायचं. तिनं नावानं हाक मारली. परत मारली. टाळी वाजवली. पोरगं तिच्या खांद्यापलीकडे कुठंतरी बघत होतं.

म्हातारी खाली बसली. नातवाला जवळ ओढलं आणि दातानंच दोरा तोडायला लागली. मामाजी ओरडले, "दातानं नोको, काकी! दातानं नोको!"

मी आमगावला गेले ती पावसाळा संपल्यावरच परतले. तेवढ्या दिवसांत बाप-लेकानं अंगणाची माती खोलवर खरवडली होती, नवीन चूल दुसऱ्या बाजूला घातली होती, बॅटऱ्या बंद झाल्या होत्या. तालुक्याच्या दवाखान्याची माणसं येऊन मोहल्ल्यातल्या लेकरांचं रक्त घेऊन गेली. कोणाच्या रक्तात कमी निघालं, कोणाच्या जास्त, पण माझ्या मुलाएवढं कोणाचंच नव्हतं. साहजिकच होतं, कारखाना आमच्याच घरी होता. गोळा झालेलं सगळं शिसं, मणी आणि जाळ्यांवरून उतरवलेलं, मामाजींनी लेकाकडून घमेल्यात घालून घेतलं आणि वरून सिमेंट ओतवलं. तलावात टाकू नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि भंगारवाल्याला द्यायला ते तयार नव्हते. तो कोण्या दुसऱ्या ढिवराला विकेल, म्हणायचे. तो गोळा अजूनही गोठ्याच्या मागे आहे. कोणाच्या बापाला हलत नाही.

जाळ्यांना मग ते भाजलेल्या मातीचे मणी लावायला शिकवू लागले. त्यांच्या आज्याच्या काळी तसेच होते म्हणे. हलके पडतात, जास्त लावावे लागतात, फुटतात. गिऱ्हाईक कुरकुरायचे. मामाजी म्हणायचे, "मंग दुसरीकडून घे." दुसरीकडून घेणारे घेतच होते. शिसं काही एका घरानं सोडून जगातून जात नाही.

आणि मुलगा? तीन वर्षांचा झाल्यावर एक दिवस आमच्या अंगणात कोंबडी शिरली, तिच्याकडे बोट करून तो म्हणाला, "पानी." चूक होतं. साफ चूक. पण मी ताटातला हात तसाच घेऊन उठले आणि रडत सुटले. मग हळूहळू शब्द यायला लागले, एकेक, थांबून थांबून. सगळे नाही आले. शाळेत गेला तेव्हा बाकीची पोरं पाटी भरून मोकळी व्हायची आणि हा पहिल्या अक्षराशी बसलेला असायचा. मास्तर चांगले होते, मारायचे नाहीत, पण मला बोलावून म्हणायचे, "याचं ध्यान टिकत नाही." मी काय सांगणार! कोणी नवीन भेटलं की मला आधी सांगावं लागायचं की तो असा जन्मला नव्हता. आजही सांगते. कोणी ऐकून घेतं, कोणी "देवाची मर्जी" म्हणतं, आणि तेव्हा माझं डोकं फिरतं. देवाचा काय संबंध? माझ्या मुलाचे शब्द घरात एक एक करून वितळले, माझ्याच चुलीवर, आणि आम्ही सगळे तिथं भाकरी खात बसलो होतो.

दुसऱ्या लेकराला मी खूप वर्षं घाबरत होते. हाडातलं शिसं पोटातल्या लेकरात उतरतं असं त्या डॉक्टरीणबाईनं सांगून ठेवलं होतं. रक्त परत परत तपासून, तिनं हो म्हटल्यावरच मुलगी झाली. तेव्हा तिरोड्याला वीज केंद्राचं मोठं काम चाललं होतं आणि नवरा गॅरेज सोडून तिकडं लागला होता. मुलगी बसायला लागली. मोहल्ल्यातल्या बायांनी विचारायच्या आत मीच मामाजींना म्हणाले, "मामाजी, हिला बांधायचं ना?"

ते ओसरीवर बसले होते. मान हलवली. "माह्या हातानं नोको."

"मातीचा मणी बांधा. पाणी तर तेच आहे न मागे."

"माह्या हातानं नोको म्हणलो न बाई." ते दुसरीकडे बघायला लागले. "अन् हातानं गाठ तरी कोठं बसते माह्या."

मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. त्याला किती कळतं याचा आम्हाला अंदाज नसायचा. तो गेला, आणि आज्यानं जाळ्यासाठी भाजून ठेवलेल्या मण्यांतून एक घेऊन आला. माझ्या शिवणाच्या डब्यातून काळा दोरा काढला. मणी ओवायला त्याला फार वेळ लागला. जीभ बाहेर काढून, परत परत. आम्ही कोणी मदत केली नाही. मग तो बहिणीसमोर बसला, तिच्या कमरेभोवती दोरा घेतला, गाठ मारली. तलावाकडे तोंड केलं. ते शब्द त्याला कोणी शिकवले होते कोण जाणे, मोहल्ल्यात कोणाच्या घरी ऐकले असतील.

"पान्या," तो म्हणाला आणि थांबला. ओठ हलत होते. "हे... माही हाये. इले... नोको नेऊ."

मुलीनं तोवर मणी पकडला होता. दोरा वर ओढून तोंडाकडे न्यायला लागली. मी झडप घालायच्या आत त्यानं तिचा हात धरला. घट्ट. आणि मान वळवून ओसरीकडे बघितलं.

"आजा," तो म्हणाला. "हा चावला... त चालते का?"

मामाजी उठले. भिंतीला धरत धरत आले, नातीसमोर वाकले, आणि तिच्या हातातला तो मणी स्वतःच्या तोंडात घेतला. जन्मभर शिसं तपासलं तसाच. दाढेखाली धरला आणि दाबला. कट्ट आवाज झाला. बाहेर काढला तेव्हा मण्याची कड उडाली होती आणि त्यांच्या ओठांना लाल भुकटी लागली होती. जीभ फिरवून ते चव घेत राहिले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"माती हाये," ते म्हणाले. डोळे भरले होते. "निसती माती हाये, बाबू. गोड नाई लागत. दुसरा ओव, हा फुटला."